दीड हजाराचा ईअरफोन: मला पत्र्याचा डबा, भावाला ढोल

उशिरा_शिकतेय · मंगळवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

वयाच्या ४६व्या वर्षी गाणं शिकायला लागले. बाई पुण्यात, मी नाशकात. आठवड्यातून दोन दिवस ऑनलाइन शिकवणी, बाकीचे दिवस बाईंनी पाठवलेली रेकॉर्डिंग ऐकून रियाज. आजवर फोनबरोबर आलेल्या ईअरफोनवर भागत होतं, त्याने गेल्या महिन्यात मान टाकली. मग इथलेच जुने धागे वाचून तारवाला, कानाच्या आत बसणारा, साधारण दीड हजाराचा मागवला. तार कानावरून मागे घ्यायची असते, तसला.

आणि हिरमोड झाला. आवाज स्वच्छ आहे, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. डग्गा वाजतोय की नाही तेच कळत नाही. बाईंच्या शब्दांतला 'स' सुईसारखा टोचतो. तानपुरा म्हणजे डासांचं मोहोळ. रविवारी धाकटा भाऊ आला होता. त्याने तोच ईअरफोन घातला, त्याच फोनवर तीच बंदिश लावली आणि म्हणाला, "ताई, बास केवढा आहे याला, डोकं हलतंय!" चेष्टा करतोय असं वाटलं. करत नव्हता.

परत करायची मुदत शनिवारपर्यंत आहे. वस्तूत खोट, माझ्या कानात की भावात?

मुगाची_खिचडी · मंगळवार, रात्री १०.३१

मुदतीत असेल तर भावाला परत करा.

बाकी दीड हजार म्हणजे कमाल आहे. ठाण्याला गाडीत चढणारा पोरगा दीडशेला देतो, वर 'चालवून बघा काका' म्हणतो. माझा दीड वर्षं चाललाय. बातम्या ऐकू येतात, अजून काय पाहिजे?

लोकलचा_तिसरा_डबा · मंगळवार, रात्री १०.४०

ताई, या काळात तार? ब्लूटूथचा घ्या, सुटसुटीत.

सोल्डरगन · मंगळवार, रात्री ११.०५

परत करायची घाई नको. तुमचं वर्णन वाचून माझा संशय वस्तूवर नाही, कानात बसणाऱ्या टोकाच्या रबरावर आहे.

खोक्यात रबरांच्या तीन जोड्या आल्या असतील. मधली आधीच चढवलेली असते आणि आपण सगळे ती तशीच वापरत राहतो. कानाच्या आत बसणाऱ्या ईअरफोनचा पडदा जेमतेम १० मिलिमीटरचा. एवढ्याशा पडद्याने खर्ज काढायचा तर त्याला बंदिस्त जागा लागते. कुकरची रिंग ढिली झाली की शिटी होत नाही, वाफ कडेने निघून जाते. तसंच इथे. रबर आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खालचे सूर गळतात, वरचे मात्र तसेच राहतात. म्हणजे डग्गा गायब आणि 'स' टोकदार. ईअरफोन तोच, फक्त ताटातला भात गेला आणि नुसतं लोणचं उरलं.

तपासायला एक मिनिट पुरे. डग्गा भरपूर असलेलं काहीतरी लावा आणि दोन्ही बाजू बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर 'घे' उमटला आणि बोट काढल्यावर गेला, तर रबर बसत नाहीये. दाबताना एक बघा, बाहेरच्या कवचावर टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, ते झाकू नका. ते बुजलं तरी बास बदलतो आणि मग काय तपासलं तेच कळत नाही.

घालायचीही रीत आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर-मागे ओढायची, उजव्या हाताने ईअरफोन जरा फिरवत आत सरकवायचा, मग कान सोडायचा. डावीकडे याच्या उलट. घरचे हसतील, हसू द्या.

चाट_आणि_थाप · मंगळवार, रात्री ११.२०

सोल्डरगन यांना अनुमोदन. लोणच्याची उपमा ढापणार आहे.

उशिरा_शिकतेय · बुधवार, सकाळी ७.५०

दाबलं आणि डग्गा आला!! बोट काढलं, गेला. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

आता पुढची रड. उजवीकडे मधलं रबर बसतंय. डावीकडे तेच रबर तोंड उघडलं की सुटतं, म्हणजे ऐकत ऐकत गुणगुणले की संपलं. मोठं घातलं तर दहा मिनिटांत कान ठणकायला लागतो. लहान आत जातं, पण गळतं. शिवाय घालताना आतून 'कट्' असा बारीक आवाज येतो. पडदा फाटला नसेल ना?

सोल्डरगन · बुधवार, सकाळी ८.१५

'कट्' म्हणजे आत कोंडलेल्या हवेने ईअरफोनचा पडदा क्षणभर दुमडतो, त्याचा आवाज. स्वस्तातल्या बऱ्याच ईअरफोनमध्ये येतो. सावकाश घातलात तर कमी होईल. घाबरण्यासारखं नाही.

दोन्ही कानांना एकच माप हवं असं कोणी सांगितलं? माझ्या उजव्या कानात मधलं, डाव्यात मोठं असतं. मोठं दुखतंय तर डावीकडे फोमचं रबर घ्या. पिवळा स्पंज चिमटीत वळून कानात घालतात ना कारखान्यात, तसलंच. बोटांनी दाबून बारीक करायचं, घालायचं आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचं. आत फुगून ते कानाचा आकार घेतं, बोलताना सहसा सुटत नाही. तोटा एवढाच की मळतं, काही महिन्यांत बदलावं लागतं आणि वरचे सूर थोडे मऊ होतात. तुम्हाला तेही पथ्यावरच पडेल. पुण्यात असतात तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून फिरून या म्हटलं असतं. नाशकात ऑनलाइनच मागवा. फक्त आपल्या ईअरफोनच्या नळीची जाडी बघून घ्या.

कानाकोपरा · बुधवार, दुपारी १.३०

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकू येण्याच्या तपासण्या करते. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

डावा-उजवा कान सारखा नसणं अगदी नेहमीचं. कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते आणि सरळ नसते, किंचित 'एस'सारखी वळलेली असते. म्हणून तर कान वर-मागे ओढायचा, वळण जरा सरळ होतं. आम्हीही तपासताना तेच करतो. बायकांच्या नळ्या सरासरीने अरुंद असतात आणि 'मधलं' माप कोणाच्या कानावरून ठरवतात देव जाणे. जबडा हलला की नळीचा आकारही बदलतो. तुम्ही गाणाऱ्या, म्हणजे रबर सैल होणार हे धरूनच चाला.

आता भावाच्या कानाबद्दल. मोकळ्या कानाची नळी एका बाजूने उघडी, दुसऱ्या बाजूला पडदा. अशा नळीत तीनेक हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप घुमतो. जन्मापासून आपण सगळं जग त्या फुगवट्यासकटच ऐकतो. ईअरफोन घातला की नळी दोन्हीकडून बंद. तो नैसर्गिक फुगवटा जातो आणि वेगळा एक, आठ हजाराच्या आगेमागे, तयार होतो. तो नेमका कुठे पडेल हे ईअरफोन किती खोल गेला त्यावर ठरतं. तुमच्या कानात तो वरवर बसला, भावाच्या कानात खोल गेला, की 'स'चं टोचणंही वेगळं. दोघंही खरंच सांगताय.

मुगाची_खिचडी · बुधवार, दुपारी १.४२

म्हणजे दीड हजार देऊन वर कानही आपलाच वापरायचा.

बर्फातला_कोल्हापुरी · बुधवार, दुपारी ३.०५

इथे कॅनडात आत्ता पहाट, झोप नाही, म्हणून लिहितोय.

कानाकोपरा यांनी सांगितलेल्या फुगवट्यावरूनच हल्लीचे चांगले स्वस्त ईअरफोन जुळवलेले असतात. हरमन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी वगैरे मंडळींनी लोकांना बसवून, ऐकवून, कोणता आवाज जास्त जणांना आवडतो त्याची एक रेषा काढली. तीत तीन हजारापाशी मुद्दाम उंचवटा आहे. गेलेला फुगवटा परत दिलेला, इतकंच. कोणता सूर किती जोरात वाजतो त्याचा आलेख बघून 'अरे, हा तर सपाट नाही' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कानात सपाट वाटण्यासाठी आलेख वाकडाच असावा लागतो. सिंगापूरच्या क्रिनॅकल नावाच्या परीक्षकाने शेकडो ईअरफोनचे आलेख मांडून ठेवलेत, त्यावरून बराच अंदाज येतो. २०२२ मध्ये मूनड्रॉपचा चू आणि सेव्हन हर्ट्झचा झिरो हे ईअरफोन आले, दोन्ही २० डॉलरच्या आसपास, दोन्हीत प्रत्येक कानाला एकेकच पडदा. तिथून 'स्वस्त म्हणजे भसाड्या बासचं' हे समीकरण मोडलं. 'आत पाच ड्रायव्हर' (म्हणजे आवाज काढणारे पाच भाग) वगैरे जाहिरातीला भुलायचं कारण उरलं नाही.

आणि ताई, नवा ईअरफोन शंभर तास वाजवत ठेवा, मग खुलतो. माझा अनुभव आहे.

सोल्डरगन · बुधवार, दुपारी ३.२०

सगळं पटलं, शंभर तास सोडून. त्या शंभर तासांत पडदा खुलत नाही हो, तुमच्या कानाला सवय होते आणि हाताला नीट घालायची रीत समजते. पेटीतून काढलेला नवा आणि वापरलेला, दोन्ही एकाच दिवशी डोळे झाकून ओळखून दाखवा.

बर्फातला_कोल्हापुरी · बुधवार, दुपारी ३.२६

ओळखेन. पण झोप आली आता.

घोडी_जवारी · बुधवार, संध्याकाळी ६.१५

'तानपुरा म्हणजे डासांचं मोहोळ' वाचून राहवलं नाही. मी मिरजेचा, घरात तंतुवाद्यांचं काम. २०२४ साली आमच्या सतारीला नि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाहुणे फोटो काढायला येतात. तंबोरे घ्यायला येतात ते निराळे.

ईअरफोन कसा पारखावा मला ठाऊक नाही, पण आवाज कसा पारखावा ते सांगू शकतो. जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावताना घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, त्याला आम्ही जीव म्हणतो. जीव गव्हाएवढा इकडेतिकडे झाला तर तार एकतर ठोक्यासारखी मुकी वाजते, नाहीतर नुसती झणझणते. बरोबर जागी आला की तारेचा आघात आधी ऐकू येतो, मग आवाज फुलासारखा उमलतो आणि त्यातून वरचे सूर एकामागून एक निघतात. चारही तारा वेगवेगळ्या मोजता आल्या पाहिजेत. नुसतं 'झूंऽऽ' असं धुकं ऐकू येत असेल तर एकतर तंबोरा बिघडलाय नाहीतर तुमचं यंत्र. आणि मुख्य म्हणजे, नीट लागलेल्या तंबोऱ्यात कोणी न छेडता गंधार ऐकू येतो. स्वयंभू गंधार. बाईंना विचारा, त्या सांगतील. तो ज्या ईअरफोनवर ऐकू येतो तो ठेवा. मग तो दीडशेचा का असेना.

चाट_आणि_थाप · बुधवार, रात्री ९.००

वा घोडीशेठ! मीही माझी कसोटी सांगून टाकतो.

गाणं पूर्ण ऐकून काही कळत नाही, आपण गाण्यात रमतो. मी एकट्या तबल्याचं, विलंबित, कमी गर्दीचं रेकॉर्डिंग घेतो. दायाच्या (उजव्या तबल्याच्या) चाटेचा, म्हणजे कडेचा 'ना' आणि लवेतला, म्हणजे कडेच्या आतल्या पट्ट्यातला 'तिं' यांतला फरक ऐकतो. 'ना' कडक, 'तिं' लांबणारा. खराब ईअरफोनवर दोन्ही 'टक'. मधल्या काळ्या शाईमुळे तबल्याचे वरचे सूर सुरात येतात, साधा ढोल तसा वाजत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच यावर लिहून ठेवलंय. तो सूर ऐकू आला नाही तर तबला कशाला, डबा बडवा. मग डग्गा. 'घे'वर मनगट सरकवून जी मींड घेतो ती खालून वर जाताना सलग ऐकू यायला हवी. बऱ्याच स्वस्त ईअरफोनवर ती मध्येच एका जागी अवाजवी फुगते आणि पुढे गळपटते. भरपूर बास आणि चांगला बास यांतला फरक इथे कळतो. लग्नाच्या डीजेपुढे उभं राहून छाती हादरते, पण बोल कोणता वाजला ते सांगता येतं का?

सोल्डरगन · बुधवार, रात्री ९.४०

घोडी_जवारी, प्रतिसाद जपून ठेवलाय. थोडं गणित जोडतो. ताई, बाईंची पट्टी काय?

उशिरा_शिकतेय · बुधवार, रात्री ९.४४

काळी चार.

सोल्डरगन · बुधवार, रात्री १०.१०

म्हणजे षड्ज साधारण २०८ हर्ट्झ, खर्जाची तार १०४. तिचा पाचवा गुणक, म्हणजे पाचपट कंपनांचा वरचा सूर, ५२०, तोच तुमचा स्वयंभू गंधार. म्हणजे तानपुऱ्यासाठी ४० हर्ट्झचा गडगडाट लागतच नाही. 'एक्स्ट्रा बास' लिहिलेला ईअरफोन गायकाच्या कामाचा नाही, उलट डग्ग्याची सावली आवाजावर पडते. १०० ते १००० नीट हवं आणि तीन हजारापाशी तो उंचवटा. तुमच्या कानात फट राहिली तेव्हा नुसता डग्गा नाही, खर्जाची तारही गेली होती. उरली ती वरची झणझण.

'स'साठी माझी कसोटी साधी. आकाशवाणीच्या मराठी बातम्या. 'चार' आणि 'चोर' यांतले दोन वेगळे च ऐका. 'चोर'मधला च दातांशी येतो, त्यात 'स'ची किनार असते. 'सोसाट्याचा', 'शासनाच्या', 'विशेष' असले शब्द आले की बघा. तीन-चार वाक्यांतच डोळे बारीक व्हायला लागले तर सहा-सात हजारापाशी कुठेतरी काटा आहे. निवेदकाचा आवाज आपल्याला पाठ असतो, त्यामुळे कान फसत नाही. इंग्रजी परीक्षणांतली गाणी लावून परीक्षा घेत बसू नका, ती कशी वाजायला हवीत तेच आपल्याला माहीत नसतं.

मुगाची_खिचडी · बुधवार, रात्री १०.२२

आत्ताच दीडशेच्यावर बातम्या लावल्या. 'चोर' आणि 'चार' एकसारखे. निवेदकाला पडसं झालंय बहुतेक.

माझ्या खोक्यावर मात्र सोनेरी 'हाय-रेस' आहे हं.

कानाकोपरा · बुधवार, रात्री १०.५०

:) खरा असेल तर त्या शिक्क्याला ४० हजार हर्ट्झपर्यंतची अट असते. माणसाचा कान तरुणपणी २० हजारापर्यंत. आपल्या वयाला १४-१५ हजाराच्या वर फारसं काही उरत नाही. वटवाघळासाठी घेतलात का?

लोकलचा_तिसरा_डबा · गुरुवार, सकाळी ८.४०

डोंबिवलीहून गाडीत बसून लिहितोय (बसून!). माझं ब्लूटूथचं कोणी वाचलंच नाही.

बर्फातला_कोल्हापुरी · गुरुवार, सकाळी ९.०५

वाचलं. ऐकायला हल्लीचे ब्लूटूथ उत्तम असतात, वाद नाही. पण ताईंची ऑनलाइन शिकवणी आहे, आणि गोम तिथे आहे. ब्लूटूथ ईअरफोनचा माईक चालू झाला की बहुतेक फोन तो संगीताच्या मार्गावरून काढून कॉलच्या मार्गावर टाकतात. तिथे आवाज एककर्णी (मोनो) होतो आणि वरचे सूर कापले जातात. गाणं छान वाजणारा तोच ईअरफोन शिकवणीत टेलिफोन होतो. लोक बाईंच्या नेटला शिव्या घालतात.

उशिराचा मुद्दाही आहे. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा मागे पडतो. तुम्ही नुसत्या ठेक्यावर गात असाल तर बिघडत नाही, सगळंच सारखं मागे असतं. पण फोनवरच्या पेटीची पट्टी दाबून सूर घेत असाल तर बोट आधी, सूर मागून. वैताग येतो.

चाट_आणि_थाप · गुरुवार, सकाळी ९.३०

शिकवणीवरून आठवलं. मीटिंगच्या ॲपमध्ये मागचा गोंगाट काढायची सोय आपोआप चालू असते. त्याला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते, कारण आवाज सतत सारखा. म्हणून बाईंचा तानपुरा मध्येच गुडूप होतो. झूममध्ये संगीतकारांसाठी 'ओरिजिनल साउंड' आहे, ते बाईंनी त्यांच्या बाजूने चालू करायला हवं. आमच्या वर्गात हे कळायला एक पावसाळा गेला. तोवर सगळे आपापला ईअरफोन बदलत होते.

लोकलचा_तिसरा_डबा · गुरुवार, सकाळी ९.४१

बरं, पटलं. आता माझा प्रश्न. गाडीत कायम आवाज शेवटच्या रेघेवर ठेवावा लागतो. कोणता घेऊ?

कानाकोपरा · गुरुवार, दुपारी १.२५

घ्यायच्या आधी रबर बदला. गाडीचा खडखडाट बाहेर अडला की आवाज आपोआप खाली येतो. नीट बसलेल्या ईअरफोनचा खरा फायदा मला तोच वाटतो, डग्गा नंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेबरोबर मर्यादा घालून दिली, मोठ्यांना आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, मुलांना ७५. आवाज ३ डेसिबल वाढला की तेवढाच मारा निम्म्या वेळात होतो. शेवटच्या रेघेवर रोज डोंबिवली ते मुंबई आणि परत, हा हिशेब तुम्हीच करा. आणि रूळ ओलांडायचे नसतातच, पण रस्ता ओलांडतानाही एक कान मोकळा ठेवा.

शिवाय पावसाळ्यात घाम आणि ओल घेऊन तासन्‌तास रबर घालून बसू नका. दर पावसाळ्यात कानातल्या बुरशीचे रुग्ण येतात. रबरं आठवड्याला साबणाने धुवा, पूर्ण वाळवा. एकमेकांची वापरू नका. (ताई, भावाने घातल्यावर पुसलं होतं का?)

उशिरा_शिकतेय · गुरुवार, रात्री ८.३०

नव्हतं. :(

फोमची रबरं आज आली. डावीकडे फोम, उजवीकडे मधलं. गुणगुणले, चकली खाल्ली, सुटलं नाही! डग्ग्याची मींड ऐकली. चारही तारा मोजता आल्या. बाईंचा 'स' टोचतो, पण सुई नाही, सुपारीच्या कडेसारखा. बातम्यांतले दोन्ही च वेगळे कळतात.

पण एक आहे. डावीकडचा आवाज उजव्यापेक्षा बारीक आहे. आधी गळतीमुळे लक्षात आलं नसेल. बाईंचा आवाज मधोमध यायला हवा, तो उजव्या कानाकडे सरकलाय. वस्तूच सदोष आहे का? उद्या-परवाचे दोनच दिवस उरलेत.

सोल्डरगन · गुरुवार, रात्री ८.५५

पायरीपायरीने जाऊ. आधी फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन डाव्या-उजव्याची समतोलाची पट्टी मधोमध आहे ना बघा, कधीकधी हात लागून सरकलेली असते. तिथेच 'मोनो ऑडिओ' चालू करा, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज जाईल आणि रेकॉर्डिंगमधलाच फरक फसवणार नाही. दोन्हीकडे एकाच जातीचं रबर लावा. मग डावा ईअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घाला. तिरका बसेल, बोटाने धरा. बारीकपणा ईअरफोनबरोबर गेला तर वस्तू परत. कानाबरोबर राहिला तर वस्तू निर्दोष. जाळीत मळ अडकलाय का तेही उजेडात बघा, पण सुई खुपसू नका.

उशिरा_शिकतेय · गुरुवार, रात्री ९.२०

पट्टी मधोमध. मोनो केलं. जाळी कोरी करकरीत. अदलाबदल केली.

डाव्या कानातच बारीक राहिलं. दोन्ही ईअरफोनने. आता भीती वाटतेय.

कानाकोपरा · गुरुवार, रात्री ९.३५

ताई, घाबरू नका. ईअरफोन काढून ठेवा. ओठ मिटून शांतपणे 'म्' लावा, तुमच्या सोयीच्या सुरात. तो सूर डोक्यात कुठे घुमतो? मधोमध, डावीकडे की उजवीकडे?

उशिरा_शिकतेय · गुरुवार, रात्री ९.४१

डावीकडे! स्पष्टच. हे उलटं नाही का? बारीक ऐकू येतं त्याच कानात?

कानाकोपरा · गुरुवार, रात्री ९.५५

उलटंच हवं. आम्ही ५१२ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) कपाळावर टेकवून हेच बघतो. बाहेरच्या वाटेत काही अडलं असेल तर हाडातून गेलेला आवाज अडलेल्याच कानात मोठा वाटतो. बोट एका कानात घालून 'म्' लावून बघा, कळेल. आतली नस कमजोर असती तर सूर चांगल्या कानाकडे गेला असता. हे निदान नाही हं, पण मळाचा बोळा असण्याची शक्यता बरीच आहे. आत घालायचे ईअरफोन रोज वापरले की मळ बाहेर यायची वाट अडते, थोडा आतही ढकलला जातो.

उद्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तोवर काडी नाही, केसांचा आकडा नाही आणि आजीचं कोमट तेलही नाही. पडदा धड आहे हे कोणी बघितल्याशिवाय कानात काही ओतायचं नाही. एक मात्र लक्षात ठेवा. असं एका कानाने अचानक, एका दिवसात कमी ऐकू आलं तर थांबायचं नसतं, त्याच दिवशी जायचं असतं.

मुगाची_खिचडी · गुरुवार, रात्री १०.०५

सगळी चेष्टा बाजूला. ताई, जाऊन या, आणि इथे कळवा.

(मीही 'म्' लावून बघितला. मधोमध. बायको विचारतेय म्हैस कुठून आली.)

उशिरा_शिकतेय · शुक्रवार, रात्री ९.१५

जाऊन आले. मळच होता. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, दोन दिवस थेंब घालायचे वगैरे काही नाही, तिथल्या तिथे यंत्राने खेचून काढला. जो काय निघाला त्याचं वर्णन जेवणाच्या वेळी करत नाही. पडदा ठीक आहे. बाहेर आले तर रिक्षाचा आवाज अंगावर आला.

डॉक्टर म्हणाले आजचा दिवस कानात काही घालू नका. दिवसभर कळ काढली. रात्री मात्र डॉक्टरांचं न ऐकता पाच मिनिटं घातलाच. कानाकोपरा, रागावू नका.

आता डावीकडे फोमने बास फार होतो, म्हणून पुन्हा मधलं रबर लावलं आणि ते बसतंय! बोलताना थोडं सुटतं, पण बाईंची चीज ऐकताना मी कशाला बोलतेय. बाईंचा आवाज मधोमध. 'स' अजून किंचित बोचरा, तेवढा या ईअरफोनचा स्वभाव समजते. परत करत नाही. भावाला स्वतंत्र घ्यायला सांगितलंय.

आणि घोडी_जवारी, गंधार ऐकू आला. आधी वाटलं बाईच गुणगुणताहेत.

घोडी_जवारी · शुक्रवार, रात्री ९.४०

मिरजेला या, पेढे मी देतो.

उशिरा_शिकतेय · शनिवार, सकाळी ७.१०

आता नवीनच पंचाईत. सकाळी बाईंचं परवाचं रेकॉर्डिंग लावलं. तानपुऱ्यात काहीतरी हेलकावतंय, सेकंदाला एकदा, पाळण्यासारखं. आधी कधीच ऐकू आलं नव्हतं. ईअरफोनचा दोष?

सोल्डरगन · शनिवार, सकाळी ७.४५

नाही हो. खर्जाचा तिसरा गुणक आणि पंचमाच्या तारेचा दुसरा, दोन्ही ३१२च्या जवळ एकत्र यायला हवेत. पंचमाची तार किंचित उतरली की ते दोन सूर एकमेकांवर घासतात आणि हेलकावा येतो. ईअरफोन बरोबरच सांगतोय.

उशिरा_शिकतेय · शनिवार, सकाळी ७.५२

म्हणजे बाईंचा पंचम उतरलाय?! हे बाईंना मी सांगू?

घोडी_जवारी · शनिवार, सकाळी ८.०५

अजिबात नको. हवा बदलली की तार उतरते, असं सांगा. आणि मंगळवारच्या शिकवणीत आपणच आधी विचारा, 'बाई, पंचम कसा लावायचा ते एकदा दाखवता का?'